भित्र्या कुत्र्यासाठी ट्रेनर निवडताना

मोठ्या वयाचं, घाबरट कुत्रं दत्तक घेतलं की पहिल्या महिन्यातच सगळीकडून एक सल्ला मिळतो: चांगला ट्रेनर लावा. चांगला म्हणजे कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. पुण्यात आज ट्रेनर मुबलक आहेत. श्वानपथकात नोकरी केलेले आहेत, परदेशी अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं मिळवलेले तरुण-तरुणी आहेत, आणि घरचे दोन लॅब्रॅडॉर वाढवले एवढ्या अनुभवावर पाटी लावलेलेही आहेत.

आमची भुरी आली तेव्हा पाच-सहा वर्षांची असावी, असं डॉक्टरांनी दातांवरून सांगितलं. कानाला नसबंदीची खाच, अंगावर जुने व्रण. एका बांधकामाच्या साइटवर ती वाढली होती. काम संपलं, माणसं पुढच्या साइटवर गेली, ही मागे राहिली. घरात आली ती थेट पलंगाखाली शिरली. स्कूटर, काठी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, लिफ्टचं दार, यांतलं काहीही समोर आलं की तिचे पाय थरथरायचे. पळायला वाट नसली की ती दात दाखवायची. तिच्यासाठी शिकवणारं माणूस शोधताना, वाचताना आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे बघत राहून जे मनात पक्कं झालं, ते ज्यांच्या घरी असं कुत्रं आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

१. ट्रेनरच्या आधी डॉक्टर

दुखणारं कुत्रं चिडतं आणि घाबरतं, आणि दुखणं लपवण्यात कुत्री पटाईत असतात. वागण्याची तक्रार घेऊन कुणाकडेही जायच्या आधी नीट तपासणी व्हायला हवी: दात, कान, डोळे, सांधे, पाठ, थायरॉइड. आपल्याकडे गोचीडतापाचाही विचार करावा लागतो. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याच्या अंगात तो महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. वरवर कुत्रं फक्त मलूल आणि किरकिरं दिसतं. रक्तात प्लेटलेट कमी आल्या की डॉक्टरांना संशय येतो.

भुरी हार्नेस घालताना गुरगुरायची. एका ट्रेनरने तिला न बघता फोनवरच सांगून टाकलं की तिला हात लावून घ्यायची सवय नाही, घट्ट धरून ठेवा, थोड्या वेळाने गप्प होईल. आम्ही एक्स-रे काढला. मागच्या उजव्या पायाचं खुब्याजवळचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलं होतं. हार्नेस पोटाखालून ओढला की सगळा भार त्या पायावर जायचा. डॉक्टरांनी दुखणं कमी करणारं औषध सुरू केलं, आम्ही दोन्ही बाजूंनी बक्कल उघडणारा हार्नेस आणला आणि गुरगुरणं बहुतेक थांबलं. यात शिकवण्यासारखं थोडं होतं, उपचाराचं जास्त होतं.

एक कळकळीची सूचना याच ठिकाणी. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल असल्या घरातल्या गोळ्या कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नका. त्यांनी कुत्र्यांचा जीव जाऊ शकतो.

२. ऐकत नाही की ऐकूच शकत नाही

बाहेर नेल्यावर कुत्रं ‘बस’ म्हटलं तरी बसत नाही, हाक मारली तरी बघत नाही. लोक म्हणतात, हट्टी आहे. पण भीतीने भरलेल्या कुत्र्याचं सगळं लक्ष जीव वाचवण्यात गुंतलेलं असतं. घरात जे त्याला व्यवस्थित येतं ते रस्त्यावर आठवेनासं होतं.

तेव्हा आधी आपण कुत्र्याच्या अंगावरच्या खुणा वाचायला शिकायचं. नॉर्वेच्या ट्रेनर तुरिद रुगास यांनी कुत्र्यांच्या अशा बारीक खुणा वर्षानुवर्षं टिपल्या आणि जगभरच्या कुत्री पाळणाऱ्यांना त्यांच्याकडे बघायला लावलं. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, समोर खाणं नसताना ओठांवरून फिरलेली जीभ, वळवलेली मान, अंग कोरडं असूनही पाणी झटकल्यासारखं झटकणं, एकाएकी जमीन हुंगायला लागणं. भीती आणखी चढली की डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, कान मागे चिकटतात, शेपूट पोटाखाली जाते. गुरगुरणं बरंच नंतर येतं. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारलं तर ते पुढच्या वेळी गुरगुरत नाही, सरळ चावतं. कारण सावध करायची तेवढी एक पायरी आपण काढून घेतलेली असते.

सगळ्यात सोपी आणि भरवशाची खूण खाण्याची आहे. घरी उकडलेल्या चिकनसाठी उड्या मारणारं कुत्रं बाहेर तोंडाशी धरलेला तुकडाही घेत नसेल, तर ते ज्याला घाबरतं त्या गोष्टीच्या फार जवळ उभं आहे. तिथे शिकवणं थांबवायचं आणि लांब जायचं.

३. वय आड येत नाही

म्हातारं कुत्रं शिकत नाही, हे खोटं आहे. भुरी आमच्याकडे आल्यावर जे काही शिकली ते सगळं मोठेपणीच शिकली.

खरी अडचण वेगळी आहे. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे बघतं, हुंगतं, ज्यांच्या हातांना सरावतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं, असं त्या कामातून पुढे आलं. त्या दिवसांत ज्याची ओळख झाली नाही ते मोठेपणी परकं वाटतं, आणि परक्याची भीती वाटते. म्हणून मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ‘सगळ्यांशी खेळणारं, गर्दीत रमणारं कुत्रं’ हे ध्येय ठेवू नये. आपल्या रस्त्यावरून जीव मुठीत न धरता चालता आलं, पाहुणे आले तर आपल्या जागी पडून राहता आलं, दवाखान्यात तपासून घेता आलं, तर ते कुत्रं सुखाने जगतं. जो ट्रेनर पहिल्याच भेटीत कुत्र्याला ‘सोशल’ करून देतो म्हणतो, त्याला विचारावं की या कुत्र्याला ते हवं आहे का.

४. ‘तुम्ही बॉस व्हा’

हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्या ट्रेनरला नमस्कार करून निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

या कल्पनेचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिवासातल्या लांडग्यांबद्दल लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे कुंपणात एकत्र ठेवलेले होते, साहजिकच ते वर्चस्वासाठी भांडत. पुढे डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकातून ‘अल्फा’, म्हणजे कळपावर वर्चस्व गाजवणारा लांडगा सगळीकडे पोचला. त्याच मीच यांनी नंतर उत्तर कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे मारामाऱ्या करून पुढारी होण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. ज्याने ही कल्पना लोकप्रिय केली त्याने ती उघडपणे मागे घेतली. आपल्याकडे मात्र अजून कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणं, त्याच्या आधी आपण जेवणं, दारातून आधी आपण जाणं असले उपाय पैसे घेऊन सांगितले जातात.

जेवणं आणि दारातून जाणं यांनी निदान इजा होत नाही. उताणं पाडण्याने होते. भुरीसारख्या कुत्रीला जमिनीवर दाबून धरलं तर तिला एकच गोष्ट कळते, की हा माणूस आता मला मारणार. असं करताना माणसांना तोंडावर चावे बसले आहेत.

५. गप्प झालेलं कुत्रं शिकलेलं असतंच असं नाही

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इथेच भले भले फसतात.

एका ट्रेनरचं प्रात्यक्षिक मी पाहिलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी लोक गोलाकार उभे होते. मधे एक मोठा देशी कुत्रा, अनोळखी माणसं दिसली की भुंकणारा. ट्रेनरने त्याच्या गळ्यात आवळणारी साखळी घातली. भुंकला की झटका, पुढे सरला की झटका. थोड्याच वेळात कुत्रा त्याच्या डाव्या पायाशी चिकटून बसला. माणसं जवळून गेली तरी हूं की चूं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघांनी तिथेच नाव नोंदवलं. मी कुत्र्याकडे बघत होते. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, कान मागे गेलेले, शेपूट बुडाखाली, नजर जमिनीवर खिळलेली, आणि श्वास भरभर चाललेला. माणसांची भीती जागच्या जागी होती. तिच्यावर त्या साखळीची आणखी एक भीती चढली होती.

हे असं का होतं ते मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज वाचवत नाहीत. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा जागी ठेवलं जिथे एक बुटकी आडभिंत ओलांडली की सुटका होती. त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांनी प्रयत्नच केला नाही. ती पडून राहिली, कण्हत राहिली. काही करून उपयोग नाही, एवढंच ती शिकली होती. बाहेरून बघणाऱ्याला अशी कुत्री शांत दिसतील.

पोर्तुगालमध्ये सात प्रशिक्षण शाळांमधल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत झटके, ओरडणं, धाक यांचा वापर होता तिथल्या कुत्र्यांत शिकवणी चालू असताना तणावाच्या खुणा जास्त दिसल्या आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली भूमिका जाहीर केली, की सगळ्याच कुत्र्यांना, वागण्याच्या अडचणी असलेल्यांनासुद्धा, फक्त बक्षिसावर आधारलेल्या पद्धतींनी शिकवावं. वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे हे पट्टे ऑनलाइन मागवता येतात आणि ‘व्हायब्रेशन’ म्हणून खपवले जातात. भित्र्या कुत्र्याच्या गळ्यात असलं काहीही घालू देऊ नका, मग ट्रेनर कितीही नावाजलेला असो.

श्वानपथकातल्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण तिथे लहानपणापासून पारखून घेतलेली, धीट, कामाला हपापलेली पिल्लं असतात. जे कुत्रं आवाजाला दचकतं ते तिथे टिकतच नाही. भुरी त्या निवडीत पहिल्या दिवशी बाद झाली असती. त्या कुत्र्यांना लागू पडणारी शिस्त तिला लागू पडेल असं धरून चालता येत नाही.

६. पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

कुत्र्याचा ट्रेनर व्हायला आपल्याकडे कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे चौकशी आपणच करायची. मी सगळ्यांना हेच विचारत गेले: कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता? चुकीचं केलं तर काय करता? आणि ते घाबरलं तर काय करता?

पहिल्याचं उत्तर सगळे छान देतात. दुसऱ्याला बरेच जण ‘करेक्शन’ असं मोघम म्हणतात. करेक्शन म्हणजे नेमकं हाताने काय करणार, ते करून दाखवायला सांगावं. तिसऱ्या प्रश्नावर माणूस कळतो. ‘घाबरायचं काय त्यात, सवय करावी लागते, रोज तिथेच नेऊन उभं करू’ असं म्हणणारे मला बरेच भेटले. शेवटी आम्ही ज्या मुलीला बोलावलं तिने तिसऱ्या प्रश्नावर उलट मलाच विचारलं, ‘काकू, ती घाबरते तेव्हा कुठे पळते? तिला तिथे जाता येतं का?’ पहिल्या भेटीत तिने भुरीला हातही लावला नाही. खोलीच्या दाराशी पाठ करून बसली, माझ्याशी बोलत राहिली, मधूनमधून न बघता एखादा पनीरचा तुकडा मागे टाकत राहिली. तिने कसलीही हमी दिली नाही. माझ्या लेखी ती तिची सगळ्यात मोठी पात्रता होती, कारण जिवंत प्राण्याच्या भीतीबद्दल हमी देणारा माणूस एकतर अजाण असतो किंवा खोटं बोलत असतो.

कुत्रं आपल्याकडे ठेवून घेऊन ‘तयार करून’ देणाऱ्यांची फार्महाऊसं शहराबाहेर खूप झाली आहेत. घाबरट मोठ्या कुत्र्याला तिथे पाठवू नये. नुकतंच कुठे एका घराला सरावलेलं कुत्रं पुन्हा अनोळखी पिंजऱ्यात जातं, तिथे काय चालतं ते आपल्याला दिसत नाही, आणि तिथे शिकलेलं तिथेच राहतं. गटाने भरणारे मैदानावरचे वर्ग सुरुवातीला टाळावेत. दहा अनोळखी कुत्र्यांमध्ये उभं राहणं हीच त्याची मोठी परीक्षा असते. ट्रेनर घरी यावा, तुमच्या समोर शिकवावं, आणि खरं तर त्याने तुम्हाला शिकवावं. त्या तासात तो कुत्र्याशी जितकं बोलतो त्याहून जास्त तुमच्याशी बोलत असेल तर निवड बरोबर आहे.

७. अंतर

भीती कमी करायची रीत नवी नाही आणि मूळची कुत्र्यांचीही नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. मुलगा आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, खोलीत लांबवर आणायचा. मुलाचं खाणं बिघडणार नाही इतक्या बेताने दर वेळी थोडा जवळ. शेवटी तो मुलगा सशाला हात लावू लागला.

भुरीच्या बाबतीत ससा म्हणजे स्कूटर. आमच्या इमारतीमागच्या गल्लीत, मुख्य रस्ता दिसेल पण आवाज मंद येईल अशा टोकाला आम्ही उभ्या राहायचो. स्कूटर दिसली की मी कलेजीचा तुकडा द्यायची. क्रम नेमका हाच लागतो: आधी तिला स्कूटर दिसायला हवी, मग तुकडा. उलटं झालं, म्हणजे तुकडा हातात दिसला आणि मागून स्कूटर आली, तर कुत्रं तुकड्यालाच घाबरायला लागतं. स्कूटर गेली की खाणं बंद. हळूहळू स्कूटर दिसली की ती माझ्याकडे वळून बघू लागली, मान वर, तोंड सैल. मग आम्ही दोन पावलं पुढे सरलो. ज्या दिवशी ती खाईना त्या दिवशी पुन्हा मागे. रोज थोडाच वेळ, आणि तिला हवं तेव्हा घरी परत.

खाऊ साधा नको. रोजची बिस्किटं भीतीपुढे टिकत नाहीत. कलेजी, उकडलेलं चिकन, अंडं, पनीर, सुकट, ज्याच्यावर तुमचं कुत्रं जीव टाकतं ते, करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यांत. कांद्यात शिजवलेलं काही देऊ नये, कांदा कुत्र्यांना बाधतो. शाकाहारी घरात पनीर आणि चीजवरही काम उत्तम चालतं. आमच्या आईने बाकी काही हाताला लावलं नाही आणि भुरी तिच्याकडून सगळ्यात लवकर शिकली.

८. ‘बस’ हा पहिला धडा असायलाच हवा असं नाही

बहुतेक अभ्यासक्रम सिट, डाउन, शेकहँड अशा क्रमाने चालतात. खुबा दुखणाऱ्या कुत्रीला पुन्हा पुन्हा बसायला लावण्यात काही अर्थ नव्हता, आणि शेकहँडची तिला काहीच गरज नव्हती. भित्र्या कुत्र्याला आधी उपयोगाच्या गोष्टी शिकवाव्यात. नाव घेतलं की बघणं. समोर धरलेल्या तळव्याला नाक लावणं; हे आलं की हाताने न ओढता कुत्र्याला कुठेही वळवता येतं, वजनकाट्यावर चढवता येतं. ‘चल’ म्हटलं की जागेवरून मागे फिरणं. अरुंद जिन्यात समोरून कुणी आलं तर याने वेळ निभावते. स्वतःची चटई, जिथे गेलं की कुणी हात लावणार नाही. आणि जाळीचं मुसकं, ज्यातून धापता येतं, पाणी पिता येतं, खाऊही घेता येतो. मुसक्यात रोज खाऊ ठेवून कुत्र्याने स्वतः तोंड घालावं इतकं सावकाश शिकवलं, तर इंजेक्शनच्या वेळी डॉक्टर, कुत्रं आणि आपण तिघेही निर्धास्त राहतो.

शब्द मराठी असोत की इंग्रजी, घरातल्या सगळ्यांचे एकच असावेत. आणि हुंगू द्यावं. फिरायला नेलं की भरभर चालवण्याऐवजी एकाच झाडाशी त्याला हवा तेवढा वेळ उभं राहू दिलं, तर भित्रं कुत्रं घरी जास्त शांत येतं. जुन्या टॉवेलात भाकरीचे तुकडे गुंडाळून शोधायला देणं हाही माझ्या मते शिक्षणाचाच भाग आहे.

९. ढोल, फटाके आणि घसरण

पुण्यात गणपतीच्या कितीतरी आधी ढोलपथकांचे सराव सुरू होतात, नदीकाठी संध्याकाळी आवाज घुमतो. तिथून दिवाळी संपेपर्यंत भित्र्या कुत्र्यांचे हाल असतात. शिकलेलं सगळं पुसलं गेलंय असं वाटतं. आमच्याही बाबतीत भुरी पुन्हा पलंगाखाली गेली.

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांचं असंच झालं होतं. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. प्रयोगशाळेच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं, कुत्री कशीबशी नाकं वर धरून तरंगत होती, तशीच त्यांना ओढून बाहेर काढलं. नंतर त्यांतली काही कुत्री पक्कं शिकलेलंही विसरली. काळजी घेतल्यावर ते परत आलं. पण दाराखालून खोलीत थोडं पाणी सोडलं तेवढ्याने एका कुत्र्याची घडी पुन्हा विस्कटली. घाबरलेल्या कुत्र्याची प्रगती सरळ वर जात नाही, हे यातून समजून घ्यावं. घसरण झाली म्हणून पद्धत बदलू नये, धाकाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. आवाजाचे दिवस संपेपर्यंत नवं काही शिकवू नये. ते संपले की दोन पायऱ्या खाली उतरून तिथून पुन्हा सुरू करावं. आवाजाच्या दिवसांत उजेडी फिरणं उरकावं, खिडक्या बंद ठेवाव्यात, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर असावा, कारण फटाक्यांच्या दिवसांत कुत्री हातातून सुटून हरवतात.

आणि जवळ घ्यावं. घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं, असं सांगणारे ट्रेनर अजून आहेत. तसं होत नाही. कुत्रं कुशीत येऊन थांबत असेल तर थांबू द्यावं. लपायचं असेल तर लपू द्यावं.

१०. औषधाची लाज वाटायचं कारण नाही

काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की अंतर कितीही वाढवलं तरी ती शिकण्याच्या अवस्थेत येतच नाहीत. अशांना डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावं. फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन ही औषधं कुत्र्यांसाठी वर्षानुवर्षं वापरात आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या एकटेपणाच्या भीतीवर फ्लुऑक्सेटिनला २००७ साली मान्यता दिली. या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, मनाने बंद करायची नसतात, आणि शिकवणं सोबत चालू ठेवावंच लागतं. दिवाळीसारख्या दिवसांपुरती वेगळी औषधं असतात. नुसती गुंगी आणणारं औषध दिलं तर कुत्रं हलू शकत नाही, पण भीती आतल्या आत तशीच राहू शकते. म्हणून हे भीती कमी करणारं आहे की फक्त झोपवणारं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

भुरीला काही काळ औषध होतं. ते सुरू झाल्यावर गल्लीतला सराव पुढे सरकला.

११. आजूबाजूची माणसं

शिक्षणाचा अर्धा भाग जिन्यात, गेटवर आणि लिफ्टमध्ये असतो. वॉचमनदादांना मी विनंती केली की ती येताना काठी खाली ठेवा. त्यांनी ती ठेवली, आणि पुढे रोज तिच्यासाठी एक तुकडा खिशात ठेवू लागले. मुलांना सांगितलं की तिला हात लावायचा नाही, ती आली तर येऊ द्यायची. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतात.

कुणी लिफ्टला हरकत घेतली तर भांडू नये, पण माहिती असावी: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि कुत्र्याला लिफ्ट नाकारता येत नाही. प्राण्याला विनाकारण मारणं, वेदना देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो शिकवण्याच्या नावाखाली मारणाऱ्यालाही लागू आहे.

भुरी आता जिन्याने खाली उतरते, गल्लीत फिरते, स्कूटर गेली की माझ्याकडे बघते. हेल्मेट घातलेला माणूस तिला अजून आवडत नाही आणि बहुधा आवडणार नाही; आम्ही रस्त्याची बाजू बदलतो. तुमच्याकडचं मोठं कुत्रं पलंगाखालून निघत नसेल आणि ते परत द्यावं असं मनात येत असेल, तर आधी त्याचा एक्स-रे आणि रक्त तपासून घ्या, त्याला काही आठवडे कुणालाही न भेटवता शांत राहू द्या, आणि मग तुमच्या समोर, तुमच्या घरी, धाक न वापरता शिकवणारं माणूस शोधा. असं माणूस लगेच सापडलं नाही तर तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातात त्याचा पट्टा देऊ नका.